ग्रोथ हार्मोन 'लो' आलंय? आधी टाकी बघा, मग सुईचं बोला

आमच्या ठाण्यातल्या घोडबंदर रोडच्या जिममध्ये ऑफिसात एक छोटा फ्रिज आहे. वर अंड्यांचा ट्रे, खाली कुणाचं तरी ताक, आणि मधल्या कप्प्यात चपात्यांचा असतो तसा प्लास्टिकचा डबा. मागच्या पावसाळ्यात ट्रेनरने तो डबा उघडून दाखवला तर आत कापसावर झोपवलेल्या बोटाच्या पेराएवढ्या काचेच्या बाटल्या, त्यात पांढरी पावडर, लेबल चकचकीत पण त्यावर ना बॅच नंबर ना कंपनीचा पत्ता. "सर, तुमचा जीएच, म्हणजे ग्रोथ हार्मोन, एकदम लो आहे, या वयात होतंच, तीन महिन्यांचा कोर्स करा, पोट जाईल, झोप लागेल, दहा वर्षं मागे जाल."

झालं असं होतं की ऑफिसच्या नादाने मी एक फुल बॉडी चेकअपचं पॅकेज घेतलं होतं, त्यात शंभर टेस्टमध्ये ग्रोथ हार्मोनपण होतं. आकडा आला ०.०६. लॅबने त्याला काही लो वगैरे लिहिलं नव्हतं, पण ट्रेनरने पेनाने गोल केला आणि माझं डोकं फिरलं. वय ४६, दुपारी तीनला डुलक्या, पँटचं बटण लागताना श्वास आत, सगळं त्या गोलात बसत होतं. दोन रात्री गुगल केलं, मग बायको म्हणाली आधी डॉक्टरला दाखव, मग काय ते टोचून घे. म्हणून हे लिहितोय, कारण आमच्या सोसायटीतच अजून दोघांना असाच गोल करून मिळालाय.

एंडोक्रायनॉलॉजिस्ट (हार्मोनच्या डॉक्टर) मॅडमनी रिपोर्ट बघितला आणि विचारलं, सॅम्पल किती वाजता दिलं? म्हटलं सकाळी आठ. त्या म्हणाल्या, तुमच्या बिल्डिंगला पाणी किती वाजता येतं? मला वाटलं गप्पा मारतायत. पण मुद्दा तोच होता, आणि घोडबंदरच्या माणसाला पाण्याच्या भाषेत सांगितलं की लगेच कळतं.

ग्रोथ हार्मोन दिवसभर नळासारखं वाहत नाही. मेंदूच्या खाली वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते, ती हे हार्मोन झटक्याझटक्याने सोडते, दिवसातून काही वेळा, आणि सगळ्यात मोठा झटका झोप लागल्यावर साधारण पहिल्या तासाभरात, पहिली गाढ झोप लागते तेव्हा. रक्तात ते टिकतं किती, तर वीसेक मिनिटांत अर्धं संपतं. म्हणजे आपला पंप जसा वॉचमन रात्री चालू करतो आणि पाऊण तासात बंद करतो तसंच. तुम्ही सकाळी आठला पंपाला हात लावून बघितला, गार लागला, म्हणून बिल्डिंगचं पाणी कापलं असं होत नाही. चांगल्या धडधाकट माणसाचापण असा मधल्या वेळचा आकडा जवळपास शून्य येतो. तर पहिली गोष्ट, एकट्या ग्रोथ हार्मोनच्या रँडम टेस्टवरून कुणी काही विकत असेल तर तिथून उठा.

बघायची ती टाकी. पंपातून आलेलं पाणी गच्चीवरच्या टाकीत साठतं ना, तसं हे हार्मोन लिव्हरला सांगतं आणि लिव्हर आयजीएफ-१ नावाचं दुसरं हार्मोन बनवतं. हाडं, स्नायू, त्वचा यांच्यावरचं बरंचसं काम हे आयजीएफ-१ करतं, आणि त्याची पातळी दिवसभरात फार हलत नाही, त्यामुळे एका सॅम्पलवर काहीतरी अर्थ लागतो. टाकी भरली की फ्लोट वर येऊन पंप बंद होतो, तसंच आयजीएफ-१ वाढलं की ते मेंदूला कळतं आणि पिट्युटरी हात आखडता घेते. बाहेरून सुई मारत राहिलं की हा फ्लोटच निकामी होतो, स्वतःचा पंप गप्प बसतो आणि टाकी वरून वाहते. वाहिल्यावर काय होतं ते शेवटी सांगतो.

आयजीएफ-१ ची टेस्ट करायची वेळ आलीच तर दोनतीन गोष्टी बघा. रेंज वयाप्रमाणे छापलेली आहे का ते आधी बघा, पंचविशीच्या पोराची रेंज साठीच्या माणसाला लावली तर सगळेच आजारी ठरतील. दुसरं, कमी आलं तर लगेच पिट्युटरीवर खापर फोडू नका, लिव्हरचा आजार, थायरॉइड कमी असणं, शुगर हाताबाहेर गेलेली असणं, नीट जेवण नसणं, या सगळ्यांत आयजीएफ-१ खाली येतं. बायकांच्या गर्भनिरोधक गोळ्या किंवा पाळी गेल्यावर दिलेल्या इस्ट्रोजेनच्या गोळ्या चालू असतील तरी येतं, ते डॉक्टरांना आवर्जून सांगायचं. आणि केसांसाठी बायोटिन घेत असाल (आमच्याकडे अर्धी सोसायटी घेते) तर लॅबमध्ये आधी बोला, काही मशीनवर त्याने आकडे चुकतात. माझं आयजीएफ-१ वयाच्या रेंजमध्ये मधोमध आलं. ट्रेनरला दाखवलं तर म्हणाला ही वेगळी टेस्ट आहे सर. हो बाबा, वेगळीच आहे.

आता वय वाढलं की हे हार्मोन कमी होतं हे मात्र खोटं नाही. वयात येताना सगळ्यात जास्त असतं, मग तरुणपणापासून दर दहा वर्षांत साधारण १४-१५ टक्क्यांनी घसरत जातं. स्नायू कमी होणं, पोटावर चरबी साठणं, कातडी पातळ होणं, हे सगळं त्याच काळात होतं, म्हणून लोकांना वाटलं की हार्मोन परत भरलं की वयपण परत येईल. १९९० साली अमेरिकेत डॅनियल रुडमन आणि त्यांच्या टीमने ६१ ते ८१ वयाचे २१ पुरुष घेतले, त्यातल्या १२ जणांना सहा महिने आठवड्यातून तीन वेळा इंजेक्शन दिलं. चरबी १४.४ टक्क्यांनी घटली, चरबी सोडून बाकीचं वजन ८.८ टक्क्यांनी वाढलं. बस, तिथून जी दुकानं सुरू झाली ती अजून बंद नाहीत, आमच्या जिमच्या फ्रिजपर्यंत पोचली. पण बारा माणसं, सहा महिने. आणि त्यांची ताकद वाढली का, जिने चढता आले का, हे त्यात नव्हतंच. नंतर २००७ मध्ये असे बरेच प्रयोग एकत्र करून बघितले तेव्हा कळलं की धडधाकट म्हाताऱ्या माणसांत चरबी दोनेक किलो जाते, बाकीचं वजन दोनेक किलो वाढतं (त्यात बरंचसं पाणीच असू शकतं), आणि बदल्यात पाय सुजणं, सांधे दुखणं, मनगटाची नस दाबून हाताला मुंग्या येणं, पुरुषांची छाती वाढणं, शुगर चढणं. आपल्याकडे आधीच घरटी एक डायबेटिस, त्यात हे कशाला.

उलटी बाजू तर फार कमी लोकांना माहीत असते. उंदरांवर काम करणाऱ्यांनी ज्यांच्यात ग्रोथ हार्मोनचं कामच चालत नाही असे उंदीर तयार केले, ते दिसायला चिटुकले, पण नेहमीचे उंदीर दोन-तीन वर्षं जगतात तिथे त्यातला एक पाच वर्षांना जेमतेम आठवडा कमी एवढा जगला. माणसांमध्ये इक्वेडोर देशाच्या दक्षिण भागात काही कुटुंबं आहेत, त्यांना लॅरॉन सिंड्रोम आहे, हार्मोन भरपूर पण शरीराला ते ऐकूच येत नाही, उंची चार फुटांच्या आसपास. २०११ मध्ये आलेल्या अभ्यासात या लोकांत डायबेटिस एकालाही नव्हता आणि कॅन्सर जवळपास नव्हताच. ते काही शंभर-शंभर वर्षं जगत नाहीत, पण जास्त हार्मोन म्हणजे जास्त तारुण्य हे गणित इथे पार उलटं पडतं. मला तर वाटतं की वयाप्रमाणे हा पंप मंद होणं म्हणजे बिघाड नसून शरीराने स्वतःच लावलेला ब्रेक असावा. हे माझं मत हां, मॅडम एवढ्या ठामपणे बोलल्या नाहीत.

मग करायचं काय? स्वतःचा पंप आहे तो नीट चालू द्यायचा. सगळ्यात जास्त वेळ झोपेवर घालवतो कारण आपल्या इकडे तिथेच वाट लागलेली आहे.

व्हॉट्सअॅपवर एक फिरतं, रात्री दहा ते दोन म्हणे गोल्डन अवर्स, तेव्हाच हार्मोन येतं. तसं नाहीये. मोठा झटका घड्याळापेक्षा जास्त झोपेच्या मागे जातो, खास करून पुरुषांत. तुम्ही एकला झोपलात तर तो दोनच्या आसपास येईल, ऐरोली-महापेला नाइट शिफ्ट करणारे सकाळी नऊला झोपतात तर त्यांचापण झोपेबरोबरच येतो. (बायकांमध्ये दिवसाचे झटके जास्त असतात, म्हणून रात्रीवर एवढं अवलंबून नसतं.) प्रश्न आहे तो झोप गाढ लागते का याचा. २००० साली १४९ पुरुषांचा एक अभ्यास आला होता, त्यात पंचविशीच्या आतल्यांची गाढ झोप एकूण झोपेच्या जवळपास १९ टक्के होती आणि चाळिशीच्या आसपास ती साडेतीन टक्क्यांवर आली होती, आणि हार्मोन त्याच पावलांनी खाली गेलं होतं. म्हणजे वयापेक्षा झोपेचा धागा धरा.

माझ्या घरात मी काय बदललं ते सांगतो, जमेल ते घ्या. रात्रीचं जेवण साडेदहाचं साडेआठवर आणलं, ठाणे स्टेशनवरून घरी पोचायलाच आठ वाजतात तेव्हा हे सोपं नव्हतं, त्यामुळे आठवड्यातून चार दिवस जमतं. जेवणानंतरचं आइस्क्रीम बंद, कारण रक्तात साखर चढली की ग्रोथ हार्मोन दबतं, हे इतकं पक्कं आहे की डॉक्टर हार्मोन जास्त आहे का हे तपासायला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाजूनच बघतात, निरोगी माणसात ते खाली जायलाच हवं. शनिवारचे दोन पेग एकावर आणले, दारूने झोप लवकर लागते पण रात्रीचं हार्मोन चांगलंच खाली येतं. आणि घोरणं. हे हसण्यावारी नेऊ नका. मी घोरतो हे बायको दहा वर्षं सांगत होती, मी म्हणायचो दमतो म्हणून. झोपेत श्वास अडकत असेल तर मेंदू दर थोड्या वेळाने जागा होतो, गाढ झोप तुकड्यातुकड्यांत, मग पंप चालणार कधी. बायकोला सांगा मोबाइलवर रेकॉर्ड कर, घोरण्याच्या मध्ये शांतता आणि मग एकदम घुसमटल्यासारखा आवाज येत असेल तर स्लीप स्टडी (झोपेत श्वास कसा चालतो ते बघायची टेस्ट) करून घ्या. हे कुठल्याही पावडरपेक्षा जास्त कामाचं आहे.

पोटाची चरबी हा दुसरा भाग, आणि इथे चक्र उलटं फिरतं. लोकांना वाटतं हार्मोन कमी म्हणून पोट सुटलं, पण पोट सुटल्यामुळेपण हार्मोनचे झटके लहान होतात, आणि वजन उतरलं की ते बऱ्यापैकी परत येतात. म्हणजे कमरेचं माप हीच फुकटातली टेस्ट. महिन्यातून एकदा शिंप्याची टेप बेंबीच्या लेव्हलला, श्वास सोडून, पोट न ओढता. खरं माप घ्यायचं, दुसरं कोण बघत नाही.

उपासाचं विचारतात. कडक उपासाने ग्रोथ हार्मोन वाढतं हे खरं आहे, काही पटींनी वाढतं. पण त्याच वेळी आयजीएफ-१ खाली जातं, पंप धावतोय आणि टाकी रिकामी, कारण उपासात शरीराला वाढायचं नसतं, चरबी जाळून स्नायू वाचवायचे असतात आणि त्यासाठी हे हार्मोन कामाला लावलेलं असतं. म्हणून उपासाने तरुण होता येतं वगैरे ऐकलं की सोडून द्या. आणि आपला उपास म्हणजे एकादशी आणि दुप्पट खाशी, साबुदाण्याच्या खिचडीवर बटाट्याचा चिवडा आणि वर राजगिऱ्याचा लाडू, त्याने साखरच चढणार. डायबेटिसची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर उपासाचे प्रयोग डॉक्टरांना न विचारता अजिबात नकोत.

व्यायाम. जोरदार व्यायामाने हार्मोनचा झटका येतो, दम लागून बोलता येईनासं झालं अशा वेगाने दहाएक मिनिटं गेली की चांगला येतो. उपवनपासून येऊरचा चढ आहे ना, तिथे रविवारी सकाळी निम्मी माणसं मोबाइलवर बोलत चढतात, त्यांना काही येत नसणार. पण या झटक्याच्या मागे लागू नका, कारण तो तासाभरात विरतो आणि स्नायू त्याने वाढत नाहीत, स्नायू वाढतात वजन उचलल्याने आणि पोटात प्रोटीन गेल्याने. साठीनंतर माणूस पडतो, खुब्याचं हाड मोडतं, ते बऱ्याचदा मांड्या गेल्या म्हणून. आमच्या आईचं वय ७३, तिला मी एवढंच लावून दिलंय: जेवणाच्या टेबलाच्या खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, बसायचं, दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. पहिल्या दिवशी चार झाले आणि मला दोन शिव्या. दिवाळीपर्यंत पंधरावर आली. भाताचा ढीग कमी करून उसळ, दही, अंडं, मासे खात असाल तर मासे, हे वाढवायचं, साध्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे पाऊण-एक ग्रॅम प्रोटीन रोज लागतं आणि आपल्या वरणभातात ते भरत नाही. किडनीचा त्रास असेल तर हे डॉक्टरांना विचारूनच.

विकत काय घेऊ नये तेपण सांगून टाकतो. ग्रोथ हार्मोन हे १९१ अमिनो आम्लांची माळ असलेलं प्रोटीन आहे, गोळी म्हणून गिळलं तर पोटात पनीरसारखं पचून जातं, म्हणूनच खरं औषध सुईनेच देतात. त्यामुळे जीएच लिहिलेली गोळी, जिभेखालचा स्प्रे, सगळं पाण्यात. आर्जिनिनच्या पावडरी असतात, त्याचा डोस शिरेतून दिला तर हार्मोन वाढतं, डॉक्टर टेस्टसाठी वापरतातही, पण चमचाभर पाण्यात ढवळून प्यायल्याने काय मोठं होत नाही. आणि त्या डब्यातल्या बाटल्या, खरं औषध असलं तरी २ ते ८ डिग्रीत ठेवावं लागतं, आमच्याकडे जूनमध्ये लाइट चार-चार तास जाते आणि फ्रिजमधलं ताक फाटतं, तर त्या पावडरीचं काय झालं असेल. शिवाय डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय हे विकताच येत नाही. स्पर्धेत खेळणारा पोरगा असेल तर अजून एक, हे डोपिंगमध्ये मोडतं, बंदी लागते.

आता कुणाला खरंच लागतं? लागतं, आणि त्यांना हे औषध म्हणजे वरदान आहे. एकेकाळी ते मेलेल्या माणसांच्या पिट्युटरीतून काढायचे, त्यातून काही मुलांना मेंदूचा जीवघेणा आजार झाला म्हणून १९८५ पासून ते थांबत गेलं आणि लॅबमध्ये जीवाणूंकडून बनवलेलं आलं. मोठ्या माणसात पिट्युटरीची गाठ, तिचं ऑपरेशन, मेंदूला दिलेलं रेडिएशन, डोक्याला जबर मार, हे झालेलं असेल तर तपासणी हवी. बाळंतपणात खूप रक्त गेलं, नंतर दूधच आलं नाही, पाळी परत सुरू झाली नाही, सतत गळून गेल्यासारखं, अशी कुणी बाई घरात असेल तर तिला वर्षानुवर्षं अशक्तपणाच्या टॉनिकवर ठेवू नका, पिट्युटरीला मार बसलेला असू शकतो आणि त्यात ग्रोथ हार्मोनच्या आधी बाकीची हार्मोन्स जिवावर बेततात. मुलांचं म्हणाल तर दाराच्या चौकटीवर पेन्सिलने वाढदिवसाला उंची मारा, चार वर्षांपासून वयात येईपर्यंत वर्षाला चार-पाच सेंटिमीटरपण वाढ नसेल तर थांबू नका, डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतात. हाडांची टोकं एकदा जुळली की मग कितीही सुया मारा, उंची इंचभर वाढत नाही, म्हणून अठरा-वीसच्या पोराला उंचीसाठी कुणी कोर्स विकत असेल तर पोराचा कान आणि विकणाऱ्याचा नंबर दोन्ही धरा. पक्कं निदान करायला ग्लुकागॉन, क्लोनिडिन वगैरे औषधं देऊन हार्मोन वर येतं का ते बघायला दर अर्ध्या तासाने रक्त घेतात, अर्धा दिवस जातो, ते हॉस्पिटलमध्येच व्हायला हवं. खाजगीत परवडत नसेल तर परळला केईएममध्ये एंडोक्रायनॉलॉजीचा विभाग आहे, सकाळच्या लोकलने लवकर निघा आणि जुने सगळे रिपोर्ट एका फाइलमध्ये न्या.

राहिलं टाकी वाहण्याचं. आमच्या शेजारच्या विंगमधले एक काका, वय तेव्हा ५२. चपलेचा नंबर आठचा नऊ झाला, मग दहा. सगळे म्हणाले वय झालं, पाय पसरतात. दातांमध्ये फटी पडल्या, आवाज घोगरा, घाम इतका की एसीतपण शर्ट ओला, रात्री घोरणं भिंतीपलीकडे ऐकू यायचं, शुगर निघाली, हाताला मुंग्या. प्रत्येक गोष्टीला वेगळा डॉक्टर, वेगळी गोळी. सहासात वर्षं गेली अशी. शेवटी लग्नातली अंगठी बोटात रुतून बोट निळं पडायला लागलं म्हणून जांभळी नाक्याजवळ सोनाराकडे कापून घेतली, तर सोनार म्हणाला काका, सूज नाहीये ही, बोटच मोठं झालंय. घरी पोरीने दहा वर्षांपूर्वीचा फोटो काढून शेजारी धरला तेव्हा सगळे गप्प झाले, जबडा पुढे आलेला, नाक रुंद, कपाळाचं हाड वर. याला अॅक्रोमेगाली म्हणतात, पिट्युटरीत साधी (कॅन्सर नसलेली) गाठ होते आणि ती हार्मोन सोडतच राहते. आयजीएफ-१ वयाच्या रेंजच्या कितीतरी वर, ग्लुकोज पाजूनही हार्मोन खाली गेलं नाही, एमआरआयमध्ये गाठ दिसली. म्हणून तुमच्या घरात कुणाची अंगठी घट्ट होतेय, चप्पल वाढतेय असं दिसलं तर डॉक्टरकडे जाताना जुने फोटो घेऊन जा, रोज बघणाऱ्याला हा बदल कळत नाही.

काकांचं ऑपरेशन नाकातून झालं, कवटी न उघडता. घाम थांबला, शुगरच्या गोळ्या निम्म्या झाल्या, बोटांची सूज उतरली. जबडा मात्र तसाच राहिला, वाढलेलं हाड मागे येत नाही. अंगठी त्याच सोनाराने जोडून दिली, तेव्हाच्या बोटाच्या मापाने थोडी मोठी करून, आणि आता ती सैल होते म्हणून काकूंनी आतल्या बाजूने पिवळा दोरा गुंडाळून दिलाय.